घालमेल दाखवायची आहे, पण कागदावर नुसती गिचमीड दिसते. रचना कशी बांधावी?

कोरा_कागद

पोर्टफोलिओसाठी ‘आतली घालमेल’ या विषयावर एक चित्र करायचं आहे. ए-२ आकाराचा उभा कागद, ३०० जीएसएम, माध्यम चारकोल आणि ॲक्रिलिक. सोबत थंबनेल्स (रचनेची छोटी कच्ची रेखाटनं) आणि १५० शब्दांचं टिपण जोडायचं आहे. समतोल, लय, विरोध, प्रमाण, प्राधान्य यांपैकी काय, कुठे आणि कशासाठी वापरलं ते त्यात लिहायचं. तीन आठवडे हातात आहेत.

सध्याचा कच्चा प्रयत्न असा: मधोमध किंचाळणारा चेहरा, भोवती गोल गोल फिरणाऱ्या रेषा, लाल-काळा-जांभळा रंग, सगळीकडे शिंतोडे, डोळ्यांतून अश्रू. जवळून जोरकस वाटतं, पण दोन पावलं मागे गेलं की सगळं एकसारखं दिसतं आणि नजर कुठेच थांबत नाही.

प्रश्न:
१. चेहरा ठेवावा की काढावा?
२. कोणतं तत्त्व मुख्य धरावं? सगळी वापरायला गेलं की काहीच उठून दिसत नाही.
३. चारकोलवर ॲक्रिलिक लावलं की रंग मळतो. क्रम चुकतोय का?

---

तिरकी_रेघ

दोन पावलं मागे गेल्यावर सगळं एकसारखं दिसतं, यातच उत्तर आहे. गोंधळ कागदभर सारखा पसरला की त्याचं नक्षीकाम होतं. एकाच मापाचे शिंतोडे सगळीकडे उडवले तर डोळा त्यांना छापील कापडासारखं वाचतो. शिवाय मधोमध चेहरा आणि भोवती वर्तुळं म्हणजे रचनेच्या दृष्टीने चक्क मंडल झालं. मन स्थिर करायला लोक जी रचना वापरतात, तिच्यात तुम्ही घालमेल भरताय.

रंगांना हात लावण्याआधी शब्द नक्की करा. ‘घालमेल’ फार ऐसपैस आहे. मराठीत याच घरातले बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची हालचाल निराळी आहे. तगमग म्हणजे जागच्या जागी तडफड: आखूड, तुटक, दिशा बदलणाऱ्या रेषा, पण सगळ्या एका छोट्या जागेत. घुसमट बाहेरून आत दाबते: मोठे गडद आकार आणि त्यांच्यामध्ये आक्रसलेली जागा. काहूर खालून उठतं आणि वर पसरतं. उलघाल दोन टोकांमध्ये हेलपाटे घालते, तिथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन दिशा लागतील. धास्तीत तर फारसं काही हलतच नाही. मोठी रिकामी जागा आणि कडेला काहीतरी अर्धवट दिसणारं, एवढं पुरतं.

शब्द ठरला की मुख्य तत्त्व आपोआप ठरतं. घुसमटीला प्रमाण आणि अवकाश, तगमगीला लय, उलघालीला विरोध. मुख्य एकच. ते मोडायचं किंवा ताणायचं, आणि बाकीच्यांनी चित्र धरून ठेवायचं.

याचं उघड उदाहरण म्हणजे चित्रकार मुंकचं ‘द स्क्रीम’ (१८९३). लोकांच्या लक्षात लाटांसारखं आकाश आणि तो चेहरा राहतो. पण पुलाचा कठडा बघा: सरळ, ताठ, तिरका. मागे दोन माणसं सरळ उभी आहेत. तो कठडा हाताने झाकून चित्र पाहिलं की आकाशाचं वळवळणं निम्मं ओसरतं, कारण त्याची तुलना करायला सरळ काही उरत नाही. तुमच्या चित्रात सरळ, स्थिर, कोरडं असं एक तरी काही हवं. खिडकीची चौकट, टेबलाची कड, भिंत आणि जमीन मिळते ती रेषा, काहीही चालेल.

५ × ७ सेंमीची बारा थंबनेल्स करा, म्हणजे ए-२चं प्रमाण जवळपास जुळतं. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि जाड मार्कर. बारीक पेन घेतलं की हात तपशिलात शिरतो. बारापैकी निदान चार थंबनेल्समध्ये माणूस अजिबात नको, नाहीतर प्रत्येक चौकटीत तोच चेहरा परत येईल.

---

गडद_राखाडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात उजळ-गडदपणाची भर घालतो, कारण ‘नजर थांबत नाही’ ही तक्रार दहांतल्या नऊ वेळा तिथलीच असते.

आत्ताच्या चित्राचा फोटो काढून फोनमध्ये कृष्णधवल करा. लाल, जांभळा आणि काळा जवळपास एकाच गडद करड्यात गेलेले दिसतील. डोळ्यांना रंग तीन दिसतात, पण उजेडाच्या हिशेबात तो एकच डाग आहे.

निवडलेलं थंबनेल तीनच छटांमध्ये पुन्हा करा: कोरा कागद, मधला करडा, काळा. वाटणी असमान ठेवा. दहा भागांपैकी सहा-सात गडद, दोन-तीन मधले आणि जेमतेम एक उजळ. तिन्ही छटांना सारखी जागा दिली की चित्र स्थिर होतं, आणि इथे तेच नकोय. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जिथे कडेला कड लावून भेटतील, तिथे नजर आधी जाते. अशी जागा एकच ठेवा. दुसरीकडे तसाच भेद आला तर तिथली कड बोटाने पुसून मऊ करा.

पिकासोचं ‘गेर्निका’ (१९३७) साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे आणि त्यात जवळपास काळा, पांढरा, करडा एवढंच आहे. एवढी मोडतोड, किंकाळ्या, घोडा, माणसं, तरी नजर भरकटत नाही, कारण मध्ये उजळ आकारांचा एक मोठा त्रिकोण आहे आणि तो सगळ्यांना बांधून ठेवतो.

रंग हवाच असेल तर एक. बाकी सगळं करड्या-तपकिरी घरातलं. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख हे कोष्टक सोडून द्या. शेजारी कोण बसलंय यावर रंगाचा स्वभाव ठरतो. व्हॅन गॉगने ‘नाइट कॅफे’त (१८८८) लाल भिंती आणि हिरवं छत समोरासमोर आणलं. अस्वस्थता त्या शेजारातून येते, एकट्या लालातून येत नाही. लाल आणि हिरवा उजेडाला सारखे करून कडेला कड लावले तर ती कड थरथरल्यासारखी दिसते. हा परिणाम तळहाताएवढ्या जागेत वापरा. कागदभर वापरला तर डोळे दुखतात आणि बघणारा निघून जातो.

ट्यूबमधला काळा टाळलात तर बरं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी निम्मे-निम्मे घेतले की खोल गडद मिळतो. निळा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार. गडद भाग मोठा असेल तर त्यात असा फिरता स्वभाव लागतो, नाहीतर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून मधला करडा ओला असताना थोडा फिकाच ठेवा.

---

कोळसेवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, क्रम चुकतोय. चारकोल म्हणजे कागदावर नुसती टेकलेली भुकटी. ओला ब्रश ती उचलतो, रंगात मिसळतो आणि सगळं राखेसारखं होतं. दोन वाटा आहेत.

पहिली, चारकोल खाली. त्यासाठी विलो झाडाच्या काड्यांचा, म्हणजे विलो चारकोल घ्या. दाबून बनवलेला कॉम्प्रेस्ड चारकोल जास्त काळा असतो, पण सहज पुसला जात नाही आणि वरच्या रंगात जास्त उतरतो. रेखाटन झालं की कागद झटका, सैल भुकटी पाडा. ३० सेंमी अंतरावरून फिक्सेटिव्हचे (भुकटी बसवणारा फवारा) दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, खिडक्या उघड्या ठेवून किंवा सरळ बाहेर. एकच जाड हात मारला तर थेंब जमून डाग पडतात. त्यावर मॅट मीडियम (ॲक्रिलिकचं बिनरंगी, बिनचकाकीचं माध्यम) आणि पाणी समसमान करून मऊ, रुंद ब्रशने एकेकदाच फिरवा. त्याच जागी घासायचं नाही. वाळलं की वर ॲक्रिलिक खुशाल लावा.

दुसरी, चारकोल वर. तुमच्या कामाला मला ही जास्त योग्य वाटते, कारण रेषेची धार शेवटपर्यंत ताजी राहते. पण ॲक्रिलिक वाळल्यावर प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत होतं आणि चारकोल त्यावरून घसरतो. म्हणून रंगाच्या थरावर पारदर्शक गेसोचा (रंगाआधी द्यायचा अस्तराचा लेप) एक हात द्या. त्याचा खरखरीतपणा चारकोल धरून ठेवतो. आधी पेन्सिलने गडद आखणी करू नका. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत चकाकीवर चारकोल बसत नाही आणि नेमकी तीच रेषा पांढुरकी राहते.

चारकोलशिवायही मळ येतो, तो ओल्यावर ओलं लावल्यामुळे. लाल ओला असताना जांभळा आणि वर काळा घातला तर तिन्ही मेले. पातळ थर, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पुढचा. खरवडून पोत काढायचा असेल तर उलट घाई करा: जाड थर पहिल्या पाच-सात मिनिटांतच पॅलेट नाइफने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने ओढा. नंतर साय धरते आणि तुकडे निघतात.

३०० जीएसएम असला तरी एवढ्या पाण्याने कागद फुगतो. चारही कडा टेपने फळीवर चिकटवा आणि सुरुवातीलाच गेसोचे दोन पातळ हात आडवे-उभे द्या.

रेषेबद्दल एक. अस्वस्थ रेषा हवी म्हणून लोक बोटांनी थरथरवतात, ती खोटी दिसते. कांडीचा ४-५ सेंमीचा तुकडा आडवा धरा, कागद उभा करा आणि खांद्यातून हात चालवा. वेग आणि दाब मध्येच बदला. रेषा जिथे अचानक हलकी होते, तिथे ताण जाणवतो.

---

अर्धी_सावली

चेहऱ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं. तो काढायलाच हवा असं नाही, पण किंचाळणारं तोंड आणि अश्रू काढा. ती चिन्हं आहेत. बघणारा ‘अच्छा, दुःख’ असं वाचतो आणि पुढे जातो. अर्धा काळा अर्धा पांढरा चेहरा, साखळ्या, तडकलेलं हृदय हेही त्याच पेटीतलं. पाठमोरी आकृती, वळलेली मान, आवळलेली बोटं किंवा नुसते ताणलेले खांदे यांत ती भावना वाचायला बघणाऱ्याला थोडं काम करावं लागतं, म्हणून तो थांबतो.

आणि @तिरकी_रेघ, मधोमधच्या रचनेला सरसकट मोडीत काढू नका. घुसमटीला कडक सममिती छान लागते. दोन्ही बाजूंना सारख्या भिंती, मध्ये आकृती, आणि फक्त एक गोष्ट सरकलेली. मात्र ए-२वर ती दोन-तीन मिलिमीटर सरकवली तर हात चुकलाय असंच वाटतं. निदान दीड सेंमी सरकवा.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. शब्द ‘घुसमट’ ठरवला. चेहरा काढून खाली बसलेली पाठमोरी आकृती घेतेय, वरून दाबणारे आडवे गडद पट्टे. पट्टे किती आणि केवढे ठेवू? थंबनेलमध्ये ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतायत. टिपणात काय लिहावं तेही सुचवा.

---

तिरकी_रेघ

पायऱ्या दिसतात कारण पट्टे सारख्या रुंदीचे आहेत. खाली येताना अरुंद करत न्या. उंची ५९.४ सेंमी आहे; पहिला पट्टा १२ सेंमी आणि पुढचा प्रत्येक मागच्याच्या ०.७ पट घ्या. १२, ८.४, ५.९, ४.१, २.९, २, १.४. सात पट्ट्यांत जवळपास ३७ सेंमी भरतात, खाली २२-२३ उरतात. जमिनीला ४ सेंमी, आकृती १७ सेंमी. म्हणजे शेवटच्या पट्ट्यात आणि डोक्यात जेमतेम पावणेदोन सेंमी राहतात. ती फट चित्राचा जीव आहे. पट्टा डोक्याला टेकवलात तर आकृती वजन पेलून बसली आहे असं वाटेल आणि ताण संपेल. सगळ्यात उजळ जागाही तीच ठेवा. अर्धी_सावलीची सममिती पटते, पण पट्टे आधीच इतके शिस्तीत असतील तर आकृती मध्यापासून ३-४ सेंमी डावीकडे घ्या.

पट्ट्यांच्या कडा पट्टीने आखू नका, टेपनेही नको. वरच्या रुंद पट्ट्यांच्या कडा मऊ, खालच्या अरुंद पट्ट्यांच्या तीक्ष्ण, म्हणजे दाब जवळ येतोय असं वाटेल.

---

गडद_राखाडी

टिपणात ‘मी विरोध आणि लय वापरली’ एवढं लिहून काही कळत नाही. प्रत्येक वाक्यात जागा, कृती आणि परिणाम आणा. उदाहरणार्थ: ‘वरून खाली येणारे सात पट्टे क्रमाने अरुंद केले आहेत, त्यामुळे लय खाली जाताना वेगवान होते आणि आकृतीपाशी येऊन अडते.’ अशी सात-आठ वाक्यं म्हणजे १५० शब्द झाले. न वापरलेल्या एका थंबनेलबद्दल एक वाक्य टाका, ते का सोडलं हे सांगा. परीक्षकाला निर्णयप्रक्रिया तिथे दिसते.

रंगवताना दर टप्प्याला फोन कृष्णधवलवर, कागद उलटा टांगून आणि तीन मीटरवरून, असं तीनदा बघा. दुसऱ्याला दाखवलंत तर पाच सेकंद दाखवून झाका आणि ‘आधी कुठे बघितलंस?’ एवढंच विचारा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की सगळे छानच म्हणतात.

---

कोरा_कागद

समजलं. शेवटचं: कडांचा टेप कधी काढू? गेल्या वेळी कागदाची साल निघाली.

---

कोळसेवाला

रंग पूर्ण वाळल्यावर, पण टेपवरून रंगाची साय गेली असेल तर आधी कटरने हलकेच रेघ मारून ती तोडा, नाहीतर चित्रातला रंगही ओढला जातो. हेअर ड्रायरने टेप अर्धा मिनिट गरम करा, गोंद सैल होतो. मग टेप वर न उचलता स्वतःवरच दुमडून, चित्रापासून बाहेरच्या दिशेने सावकाश ओढा. आणि चारकोल वर ठेवला असेल तर फिक्सेटिव्ह टेप काढण्याआधी मारा, म्हणजे कडेचं कोरं पांढरं स्वच्छ राहील.