नऊ माणसांची संस्था: चालवायची की गाशा गुंडाळायचा?

जुना_खजिनदार
रविवारी आमच्या संस्थेची वार्षिक सभा झाली. कॉम्प्युटरवाल्यांनी आपल्या कामाने समाजाचं काय होतं यावर बोलावं, वेळ पडली तर विरोध करावा, म्हणून काढलेली छोटी संस्था आहे, बारा वर्षं झाली. दादरला हॉल घेतला, साठ खुर्च्या मांडल्या, आले नऊ जण, त्यातले दोघं मेगाब्लॉकमुळे उशिरा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसं परत सभेला. पन्नास वडे मागवले होते, उरलेले वॉचमनला आणि खालच्या क्लासच्या पोरांना वाटले. वर्गणी वर्षाला पाचशे, तीही तीनदा क्यूआर कोड पाठवल्यावर येते. बाकी आमचे रविवार ऑडिट, बँकेचं केवायसी, पदाधिकारी बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा चेंज रिपोर्ट यातच जातात (गेल्या खेपेला ९० दिवसांत द्यायचा रिपोर्ट राहिला, चूक माझीच). माझं मत, बंद करू नये. पण चालवायची कशी ते सांगा, नुसतं 'स्तुत्य उपक्रम' नको.

ऐरोली_नाइटशिफ्ट
बंद करा. राग मानू नका, पण अमेरिकेतली 'कॉम्प्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी' माहितीये ना? १९८१ ला अणुयुद्धाची सूत्रं कॉम्प्युटरच्या हातात जातील या भीतीतून लोक जमले, १९८३ ला रीतसर संस्था झाली. राष्ट्राध्यक्ष रेगनच्या क्षेपणास्त्र-कवचाला त्यांनी विरोध केला, मुद्दा साधा, एवढं मोठं सॉफ्टवेअर खरं युद्ध झाल्याशिवाय टेस्टच होणार नाही. तिथे स्टॅनफर्डच्या टेरी विनोग्राडसारखी नावाजलेली कॉम्प्युटर-शास्त्रज्ञ माणसं होती, आणि तीही संस्था २०१३ ला विसर्जित झाली. मग आपण नऊ जण कुठल्या झाडाचा पाला.

कुर्ला_टू_खारघर
@ऐरोली अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच २०१३ ला स्नोडेनने अमेरिकी सरकार लोकांवर ठेवत असलेल्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली. म्हणजे ज्यासाठी संस्था हवी होती तो विषय पेटला आणि दुकान बंद! आपल्याकडे तेच होईल, डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ ला आला, तेव्हा आम्ही तिघी रात्री अकरापर्यंत बसून सूचना लिहिल्या. लेटरहेड होतं म्हणून संस्थेच्या नावाने गेल्या. नाहीतर व्हॉट्सॅपवर चिडून झोपलो असतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट
आणि त्या सूचनांतलं किती घेतलं सरकारने? शिवाय ती संस्था गेली तरी काम गेलं नाही, तिच्या वॉशिंग्टन ऑफिसातून १९९४ ला 'एपिक' निघाली, प्रायव्हसीवर काम करणारी, ती पुढे चालूच राहिली. संस्था मरू द्यावी, काम पुढे न्यावं.

जुना_खजिनदार
अहो पण वॉशिंग्टनला ऑफिस होतं, पगारी माणसं होती, म्हणून रोप लावायला माती होती. आपल्याकडे माझ्या घरातलं एक गोदरेजचं कपाट आहे, त्यातही बायकोच्या पैठण्या.

पवई_पीएम
पैसा आणा की मग. एका फिनटेक कंपनीने 'रिस्पॉन्सिबल एआय'वर सेमिनारला तीन लाख देऊ केले होते, तुम्हीच नाही म्हणालात, फक्त बॅनरवर लोगो हवा होता त्यांना.

कुर्ला_टू_खारघर
लोगो आणि पॅनलवर त्यांचा माणूस. आणि कर्जवसुलीच्या ॲपवर प्रश्न घ्यायचा नाही ही अट, ती विसरलात? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, मग वेगळी संस्था कशाला, त्यांचा मार्केटिंग विभाग आहेच.

पवई_पीएम
बरं मग मोठ्या छत्राखाली जा. एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेचा समाज आणि कॉम्प्युटर यावरचा गट १९६९ पासून आहे, कारण मागे मोठी संघटना आहे. आपल्याकडेही कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची. ऑडिटची कटकट त्यांच्या गळ्यात.

सव्वाआठची_स्लो
मी संस्थेचा मेंबर नाही पण एक सांगतो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा अंगठा रेशनच्या मशिनवर उठायचाच नाही, पावडरने बोटांच्या रेषाच झिजल्यात. दोन महिने दुकानातून परत, वर 'आधार अपडेट करा'. तुमच्यातल्या एक बाई त्यांच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, दुकानदाराला ओटीपीचा पर्याय दाखवला, वीस मिनिटांत तांदूळ मिळाला. मावशींना तुमच्या संस्थेचं नाव आजही सांगता येणार नाही. पण मला वाटतं वर्षाला एक सेमिनार घेण्यापेक्षा महिन्यातून एक सकाळ रेशन दुकानाबाहेर बसा, माणसं आपोआप येतील, मी येईन.

ऐरोली_नाइटशिफ्ट
हे समाजकार्य झालं. छान आहे, पण मशीन तशी बनवली कोणी, अंगठा उठला नाही तर काय हे डिझाइन करताना कोणी विचारलं नाही का, हे विचारायला प्रोफेशनल संस्था लागते.

कुर्ला_टू_खारघर
@ऐरोली म्हणजे संस्था लागते म्हणताय? 😄

ऐरोली_नाइटशिफ्ट
लागते म्हणालो, तुम्हाला चालवता येते असं नाही म्हणालो. साठ खुर्च्या मांडणं आधी बंद करा.

जुना_खजिनदार
हॉल सोडतो, भाडं वाचेल. छत्राखाली जायचं की नाही ते पुढच्या बैठकीत, माझा विरोध आहे, प्रत्येक पत्रकाला वरून सही लागली की संपलं. @सव्वाआठची पहिला रविवार, सकाळी नऊ, तुमच्याच भागातलं दुकान धरू. ओटीपी न येणाऱ्यांचे नंबर कोणाच्या मोबाइलला जोडलेत ते वहीत लिहायचंय... नाही, थांबा, लोकांचे नंबर वहीत लिहायचे का, हे आधी ठरवायला हवं.

कुर्ला_टू_खारघर
नंबर नाही लिहायचे. फक्त 'नंबर बंद / मुलाकडे / माहीत नाही' अशी खूण. आणि पहिल्या रविवारी हार्बरला ब्लॉक आहे का बघून सांगते.