'बोलणारं यंत्र' की 'यंत्रावर बोलणं'? काही शब्द सुचवा

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे जिभेवर आणि ओठांवर त्याचा ताबा नाही. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. गेल्या वर्षापासून तो टॅबवर बोलतो. पडद्यावर चित्रांचे चौकोन असतात. एक दाबला की शब्द ऐकू येतो, चार-पाच दाबले की वाक्य होतं. ती पानं मी सध्या मराठीत करतेय आणि दोन जागी अडले आहे.

पहिली अडचण नावाची. या साधनाला मराठीत काय म्हणायचं? एका अर्जात मी 'बोलणारं यंत्र' असं लिहिलं आणि लिहिल्यावर ते मलाच खटकलं. 'ती फोनवर बोलतेय' असं आपण म्हणतो, 'फोन बोलतोय' असं कोणी म्हणत नाही. मग भाच्याच्या बाबतीत कर्तेपण यंत्राकडे का जावं? हे नुसतं व्याकरणाचं खुसपट नाही. परवा घरी पाहुणे आले होते. भाच्यानं त्यांना विचारलं, "तुमचं नाव काय?" ते टॅबकडे वाकून म्हणाले, "अरे वा, हे तर छान बोलतं!" आणि वहिनींना त्याबद्दलच विचारत बसले. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही.

दुसरी अडचण क्रियापदांची. चौकोनावर 'जाणे' लिहिलं तर ते शब्दकोशातलं वाटतं. 'जा' लिहिलं तर पोरगं सगळ्यांना हाकलतंय असं ऐकू येतं. काय लिहू?

प्रतिसाद १

ताई, खटकलं ते योग्यच खटकलं. 'बोलकं यंत्र' हा शब्दही मी काही ठिकाणी पाहिला आहे, पण तो नकोच. 'बोलका' म्हटलं की मराठी माणसाला एक तर बोलका चेहरा आठवतो, नाही तर बोलक्या बाहुल्या. आणि बाहुलीच्या खेळात शब्द बाहुलीचे नसतात, ते मागे बसलेल्याचे असतात. इथे हीच शंका सर्वांत घातक आहे. एके काळी दुसऱ्यानं हात धरून टाइप करवण्याची एक पद्धत बरीच गाजली होती. तपासणीत असं दिसलं की येणारे शब्द हात धरणाऱ्याचे असत, ज्याचा हात धरला आहे त्याचे नसत. म्हणून ती पद्धत तज्ज्ञांनी नाकारली. टॅबवर स्वतः चौकोन निवडणाऱ्या मुलाला त्याच पंगतीत बसवणारा शब्द आपण वापरू नये. आपल्याकडे 'बोलविता धनी' हा शब्दप्रयोग आहे. हल्ली तो पडद्यामागच्या माणसाबद्दल वाईट अर्थानं वापरतात, पण इथे तो सरळ अर्थानं लागू पडतो. यंत्राचा बोलविता धनी तुमचा भाचा आहे.

आता 'वाचा'. अशा साधनाच्या 'स्पीच जनरेटिंग डिव्हाइस' या इंग्रजी नावाचं 'वाक्-निर्मिती यंत्र' असं भाषांतर केलं, तर वाचा यंत्र निर्माण करतं असा अर्थ निघतो. मराठीत वाचा माणसाची असते. वाचा बसते, वाचा फुटते, अन्यायाला वाचा फोडतात. मेंदूला इजा होऊन भाषेवर परिणाम झाला तर आपण त्याला वाचाघात म्हणतो. म्हणजे घात वाचेचा होतो, माणूस तिथेच असतो. यंत्र फार तर आवाज निर्माण करतं. म्हणून माझं मत 'वाचासाधन' या शब्दाला. साधन म्हटलं की ते वापरणारा कोणीतरी आहे हे आपोआप आलंच.

स्टीफन हॉकिंग यांचंच बघा. १९८५ साली न्यूमोनियात श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. पुढे ते संगणकावर शब्द निवडून बोलत, सुरुवातीला हाताने आणि नंतर गालाच्या हालचालीने. तो यांत्रिक, अमेरिकी उच्चारांचा आवाज त्यांनी पुढे अधिक चांगले आवाज उपलब्ध झाल्यावरही सोडला नाही. तो माझा आवाज आहे, अशीच त्यांची भूमिका होती. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत 'संगणक म्हणाला' असं कधी कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. सगळे 'हॉकिंग म्हणाले' असंच लिहीत. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला जे कर्तेपण न मागता मिळालं, ते नऊ वर्षांच्या मुलालाही मिळायला हवं.

प्रतिसाद २

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. 'वाचासाधन' मला पटलं, उद्यापासून वापरून बघेन. यानिमित्तानं आणखी दोन शब्दांविषयी लिहिते.

या साऱ्या क्षेत्राला आम्ही 'पूरक व पर्यायी संवाद' म्हणतो. हातवारे, चित्रांचे तक्ते, अक्षरफलक, टॅब हे सगळं त्यात येतं. पालकांशी बोलताना मात्र बऱ्याचदा 'पर्यायी' तेवढं उरतं आणि 'पूरक' गळून पडतं. मग आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो: पर्याय दिला म्हणजे हा आता तोंडानं बोलणारच नाही की काय? प्रत्यक्षात झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात अशा साधनांमुळे मुलांचं तोंडी बोलणं घटल्याचं दिसलेलं नाही. उलट अनेकांचं थोडंफार वाढलेलंच दिसतं. एका शब्दाच्या भीतीपोटी मुलाची दोन-तीन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीनं सांगते की 'पूरक' आधी आणि ठळक म्हणा.

दुसरा शब्द 'नॉनव्हर्बल'. अहवालांत तो सर्रास येतो आणि त्याचं मराठी 'अशाब्दिक' केलं जातं. जो मुलगा चौकोन दाबून 'तुमचं नाव काय' विचारतो तो अशाब्दिक कसा? शब्द त्याच्याकडे आहेत, उच्चार नाही. 'अबोल' चालत नाही, तो स्वभाव झाला. 'मुका' हा शब्द तर 'त्याला काही कळत नाही' असा अर्थ सोबत घेऊनच येतो. मी अहवालात सरळ लिहिते: 'तोंडी बोलत नाही, टॅबवर बोलतो.' चार शब्द जास्त लागतात, लागू देत.

आणि ताई, कृपया चौकोनांच्या जागा वरचेवर बदलू नका. बोटांना जागा पाठ होते, टाइप करणाऱ्याला कळफलक पाठ होतो तशी. पान सुंदर दिसावं म्हणून 'हवं' उजवीकडे नेलंत, तर त्याच्या दृष्टीनं तो शब्द हरवला.

धागालेखिका

जागांबद्दल बरं झालं सांगितलंत, मी नेमकी तीच चूक करणार होते. पहिल्या पानावर मी सगळी नामं भरली आहेत: प्राणी, रंग, खेळणी, कपडे. हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद २

नाही हो. कुठल्याही भाषेत माणसाच्या रोजच्या बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग काही शे शब्दांतच उरकतो आणि त्यांत नामं फार थोडी असतात. मी, तू, हवं, नको, अजून, पुरे, काय, कुठे, माझं, थांब, बघ, परत, नाही. यांना आम्ही गाभ्याचे शब्द म्हणतो. हत्ती, निळा, मोजे हे काठाचे शब्द. ते हवेतच, पण आतल्या पानांवर. नुसती नामं असली की मुलाला वस्तू मागता येतात किंवा त्यांची नावं सांगता येतात. भांडता येत नाही, चेष्टा करता येत नाही, "परत सांग" म्हणता येत नाही. मराठीत 'नको' हा स्वतंत्र, नेमका शब्द आहे, तो पहिल्याच पानावर ठळक ठेवा. आणि तुम्ही त्याच्याशी बोलताना स्वतःही तेच चौकोन दाबत बोला. ज्या भाषेत त्याच्याशी कोणीच बोलत नाही, ती भाषा त्याने शिकायची कशी?

प्रतिसाद ३

मी अशा प्रणालींच्या मराठीकरणाचं काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते '-यचंय' हे रूप. जायचंय, झोपायचंय, बसायचंय, वाचायचंय.

'मी जातो' आणि 'मी जाते' यांत यंत्राला बोलणाऱ्याचं लिंग ठाऊक असावं लागतं. इंग्रजीसाठी बनवलेल्या रचनेत हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिच्या नुसत्या भाषांतरात मुली 'मी जातो' म्हणत राहतात. 'जायचंय' मुलाला चालतं, मुलीला चालतं आणि आधी 'मला', 'तुला', 'आईला' काहीही आलं तरी चालतं. नुसतं म्हटलं तरी ते पूर्ण वाक्य वाटतं. कर्म आलं की थोडं अडतं ('पुस्तक वाचायचंय' पण 'गोष्ट वाचायचीय'), तरी ऐकणाऱ्याला अर्थ लागतो.

खरी डोकेदुखी सामान्यरूपाची. 'शाळा' आणि 'त' असे दोन चौकोन लागोपाठ दाबले तर यंत्र 'शाळात' म्हणतं. 'ऊन'चं 'उन्हात' व्हायला हवं, 'बहीण'चं 'बहिणीला'. मुलानं नुसतं 'शाळा जायचंय' म्हटलं तर ऐकणारा त्याला कच्चा समजतो, आणि कच्ची असते ती आमची प्रणाली. निदान नेहमीच्या शंभर-दोनशे नामांची रूपं हातानं भरायलाच हवीत, असं माझं आग्रहाचं मत आहे.

चित्रांबद्दलही एक गोष्ट सांगतो. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये जगभर सगळ्यांना वाचता येईल अशी चिन्हभाषा पुस्तकरूपात मांडली. जगानं ती स्वीकारली नाही. पण १९७१ मध्ये टोरंटोतल्या एका केंद्रात तोंडी बोलू न शकणाऱ्या मुलांना ती शिकवली गेली आणि तिथे ती खरोखर भाषा म्हणून चालली, कारण थोडी मूळ चिन्हं जोडून नवे अर्थ करता येत. पुढे ब्रूस बेकर यांच्या 'मिनस्पीक' या चित्रप्रणालीत एकाच चित्राला जोडीनुसार वेगळा अर्थ मिळाला. सफरचंद खाण्यासाठीही आणि लाल रंगासाठीही. म्हणून 'चित्रांचा तक्ता' आणि 'भाषाप्रणाली' हे शब्द अदलून-बदलून वापरू नयेत. तक्त्यातून ठरलेलंच निवडता येतं. प्रणालीतून न ठरलेलं काही म्हणता आलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही भाषेच्या व्याख्येत तोंडी न बोलल्या जाणाऱ्या भाषा धरलेल्या आहेत.

जाता जाता एक आवडता शब्द. १९६० साली ब्रिटनमध्ये फुंकर मारून आणि श्वास ओढून टाइपरायटर चालवण्याचं एक यंत्र बनलं. त्याच्या आद्याक्षरांवरून 'पॉसम' हे नाव पडलं. लॅटिनमध्ये 'पॉसम' म्हणजे 'मी करू शकतो'. 'मी' कर्त्याच्या जागी असलेलं नाव!

प्रतिसाद ४

मी नजरेने टाइप करते. मोटर न्यूरॉन आजार आहे. थोडक्यात लिहिते.

'वाचासाधन' अर्जात चांगलं दिसेल. घरी आम्ही 'पाटी' म्हणतो. "माझी पाटी आण."

आवाज जायच्या आधी मी माझी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. त्या साठ्याला 'आवाजपेढी' म्हणावं, रक्तपेढीसारखं. त्यात मुलीला हाक मारलेली आहे.

'जायचंय' छान आहे, पण 'जा' काढू नका. मुलाला कोणाला तरी 'जा' म्हणावंसं वाटणारच.

आणि एक चौकोन हवा: "थांबा, माझं लिहून व्हायचंय." मी मिनिटाला दहा-बारा शब्द लिहिते. समोरची माणसं तेवढ्यात माझं वाक्य स्वतःच पूर्ण करतात, बहुतेक वेळा चुकीचं.

धागालेखिका

तुमचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. 'जा' ठेवला आहे, 'जायचंय'च्या शेजारी. 'थांबा, माझं लिहून व्हायचंय'च्या जागी त्याच्यासाठी 'थांबा, माझं बोलून व्हायचंय' केलं आणि पहिल्या पानावर खाली डावीकडे ठेवलं, तिथे त्याचं बोट सहज पोचतं. अर्जात 'वाचासाधन' लिहिते आणि त्याच्या खाली 'टॅबवर बोलतो'. घरात 'पाटी' चालेल का, हे त्याला विचारलं. त्यानं 'नको' दाबलं, मग 'माझं', मग 'नाव'. त्याला स्वतःच नाव ठेवायचंय, असा अर्थ मी लावला, पण मीही वाक्य पूर्ण करायची घाई करतेय बहुतेक. तो अजून शोधतोय, थांबले आहे.