मदत हवी आहे: घरी तयार केलेल्या यंत्रावर अकीकाला (अगेट दगडाला) चकाकी येत नाही

डोंगरवाट
नमस्कार. दगड घासण्याचे आणि पॉलिश करण्याचे यंत्र मी घरीच तयार केले आहे. यंत्र चालते, दगडाला घुमटासारखा आकारही येतो, परंतु शेवटी काचेसारखी जी चकाकी यायला हवी ती काही केल्या येत नाही. दगड ओला असताना सुंदर दिसतो आणि वाळला की पुन्हा दुधी, मळकट दिसू लागतो. मी सेरियम ऑक्साइडची पावडर वापरतो. ती बदलावी का, आणि बदलायची असल्यास कोणती घ्यावी, एवढेच कृपया सांगावे. पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेत भूगोलाचे प्रदर्शन आहे आणि दख्खनच्या बेसाल्टमधून निघणारे दगड मुलांना पॉलिश केलेल्या स्वरूपात दाखवायचे आहेत, त्यामुळे हाताशी वेळ कमी आहे. तयार यंत्र विकत घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

लेथघर
सर, एवढ्या माहितीवर पावडरीबद्दल काही सांगणे कठीण आहे. मोटर कोणती आहे आणि तिच्या पाटीवर किती आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिले आहेत? चाक थेट मोटरवर बसवले आहे की पट्ट्यावर चालते? चाकाचा व्यास किती, घासण्याचे कोणकोणते नंबर (नंबर मोठा तितके कण बारीक) वापरता, पाणी कसे देता? आणि दगड नक्की अकीकच आहे, हे कशावरून ठरवले?

हिरकणी
माझे स्पष्ट मत आहे की सिलिकॉन कार्बाइडच्या, म्हणजे घासण्याच्या नेहमीच्या हिरव्या चाकांच्या मागे लागूच नये. मी आडव्या फिरणाऱ्या तबकडीवर हिऱ्याच्या पावडरीचे रेझिन पॅड लावते. तीन हजार नंबरपर्यंत नेले की अर्धी चकाकी तिथेच येते. ग्रॅनाइटच्या ओट्यांना पॉलिश करणारे कारागीर वापरतात तेच पॅड चालतात आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. चाके झिजतात, वेडीवाकडी होतात, सगळीकडे चिखल करतात. पॅडला यांपैकी कोणताच त्रास नाही.

डोंगरवाट
मोटर सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या धुण्याच्या बाजूची आहे आणि पाटीवर १४४० लिहिलेले आहे. यूसीपी २०४ च्या दोन प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या बैठकीत) २० मिलिमीटरचा शाफ्ट बसवला आहे, दोन्हीकडच्या पुली सारख्याच मापाच्या आहेत. शाफ्टच्या एका टोकाला ६ इंची हिरवे चाक लावतो, आधी १०० नंबरचे आणि मग २२०चे. दुसऱ्या टोकाला रबराच्या तबकडीवर ४००, ६०० आणि १००० चा वॉटर पेपर, आणि शेवटी त्याच जागी फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती. मोटर व्यवस्थित चालते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न चकाकीचा आहे.

लेथघर
आता बोलता येईल. ६ इंची चाकाचा परीघ सुमारे ४८ सेंटिमीटर असतो, म्हणजे १४४० आरपीएमला चाकाची कड सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने धावते. दगड घासण्यासाठी हा वेग योग्य आहे आणि चाकावर छापलेल्या मर्यादेच्या बहुधा बराच खाली आहे, तरीही ती मर्यादा एकदा वाचून घ्यावी. फेल्टसाठी मात्र हाच वेग फार होतो. फेल्टवर लावलेली सेरियमची पेज बाहेर फेकली जाते, फेल्ट कोरडे पडते आणि दगड पॉलिश होण्याऐवजी नुसता तापतो. मोटरवर २ इंची आणि शाफ्टवर ६ इंची पुली लावल्यास शाफ्ट ४८० वर येईल. स्टेप पुली (वेगवेगळ्या व्यासांच्या पायऱ्या असलेली) घेतली तर पट्टा सरकवून दोन्ही वेग मिळतील.

सर्किटवाला
पुली बदलण्याची गरज नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावावा, वेग हवा तसा कमी करता येतो.

लेथघर
हा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये. ही कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर आहे. व्होल्टेज कमी केले की तिची ताकद आधी जाते, दगड टेकवताच ती अडते आणि अडलेल्या अवस्थेत वाइंडिंग तापते. पंख्यावर हवेचा भार असतो आणि वेग उतरला की तो भारही झपाट्याने उतरतो, म्हणून तिथे रेग्युलेटर चालतो. पुलीने वेग कमी केला तर उलट जोर वाढतो, आणि पॉलिशच्या वेळी तोच लागतो.

सर्किटवाला
मोटर तापते हे मान्य आहे, पण पॉलिशला जोर फारसा लागत नाही असा माझा अनुभव आहे. मी लहान दगड याच पद्धतीने करतो.

अकीकप्रेमी
अकीकाचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. गुजरातमधील खंबात हे या कामाचे जुने केंद्र आहे आणि तिथे भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून दगड येतो. खाणीतून निघताना तो बहुधा करडा किंवा फिकट पिवळसर असतो. कारागीर त्याला मंद आचेवर हळूहळू तापवतात, मग दगडातील लोहाच्या संयुगांचे रूप बदलून त्याला लाल-नारिंगी रंग चढतो. आपल्याकडे शेतात मिळणाऱ्या फिकट गारगोट्यांवरही हा प्रयोग करता येतो. दगड वाळूत पुरून तापवावा आणि वाळूतच थंड होऊ द्यावा, नाहीतर तो तडकतो.

डोंगरवाट
माहिती रोचक आहे, परंतु मला रंग बदलायचा नाही. कृपया चकाकीबद्दल सांगावे.

श्वासोच्छ्वास
खंबातचे नाव आले आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. अकीक घासणाऱ्या तिथल्या कारागिरांमध्ये आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांमध्येही सिलिकोसिसचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. अकीक म्हणजे सिलिकाच. तिची बारीक धूळ फुप्फुसात रुतते आणि तिथे होणारे व्रण भरून येत नाहीत. या आजाराला बरे करणारे औषध नाही. म्हणून कोरडे घासणे एका दगडापुरतेसुद्धा करू नये. पाणी असले तरी तुषारांतून कण येतात, त्यामुळे एन-९५ मास्क लावावा. टेबलावर सांडलेला गाळ वाळू न देता ओल्या फडक्याने पुसावा, कारण वाळलेला गाळ म्हणजे पुन्हा तीच धूळ. हा गाळ मोरीतही ओतू नये, पाइपमध्ये तो दगडासारखा घट्ट बसतो. डोंगरवाट सर, शाळेतील मुले यंत्राजवळ येणार असतील तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावले आहे का?

डोंगरवाट
आरसीसीबी घराच्या मुख्य बोर्डावर आहे आणि मोटरला अर्थिंग केले आहे. मुले यंत्राजवळ येणार नाहीत, फक्त दगड पाहतील. कोरडे घासत नाही. चाकाची खालची कड ट्रेमधील पाण्याला लागते, त्यामुळे चाक आपोआप ओले राहते. आता पावडरीबद्दल कोणी सांगेल का?

कपारी
सर, मी पुष्कळ वर्षे दगड घासतो आहे, म्हणून विचारतो. यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे चाक थरथरते आणि मग शांत होते, असे होते का? आणि वाळलेला दगड ट्यूबलाइटखाली धरला तर ट्यूबचे प्रतिबिंब सरळ दिसते की लाटा आल्यासारखे तुटक दिसते?

डोंगरवाट
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुरुवातीला टेबल हलते, नंतर थांबते. बेअरिंगला ग्रीस लागायला वेळ लागत असावा असे मी धरून चाललो होतो. प्रतिबिंब तुटक दिसते आणि भिंगातून पाहिल्यास एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात.

कपारी
मग बिघाड पावडरीत नाही, १०० नंबरच्या चाकात आहे. हे चाक सच्छिद्र असते. यंत्र बंद असताना त्याचा खालचा भाग ट्रेमध्ये बुडून राहतो आणि तेवढाच भाग पाणी पिऊन जड होतो. दुसऱ्या दिवशी चाक सुरू केले की ते एका बाजूला ओढते, आणि पाणी फेकले जाऊन तोल परत येईपर्यंत थरथरत राहते. त्या काळात दगड टेकवला की चाक त्याला ठोके देते. त्याने चाकावरही उंचसखल भाग तयार होतात आणि मग तोल सावरल्यानंतरही ठोके थांबत नाहीत. दगडावर जे खोल ओरखडे आणि लाटा उमटतात, त्या ४०० चा कागद काढू शकत नाही. पुढचा प्रत्येक कागद फक्त त्यांच्या माथ्यावरून फिरतो. वरचा भाग गुळगुळीत होतो, तळ खरखरीत राहतो, आणि पाणी त्या तळात भरलेले असेपर्यंत दगड चकाकल्याचा भास होतो. वाळल्यावर दुधी दिसण्याचे कारण हेच आहे.

चकाकीपेक्षा गंभीर गोष्ट अशी की एका बाजूने भिजलेले चाक वेगात फुटूही शकते. आज चाक काढून पूर्ण वाळवावे. वाळल्यावर लाकडी मुठीने हलकेच टकटक करून पाहावे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे असे समजून चाक टाकून द्यावे. बसवताना चाक आणि फ्लँज (चाक दोन्हीकडून धरणाऱ्या चकत्या) यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी कागदी वॉशर असावेत, आणि चाकावर पत्र्याचे मजबूत आवरण असावे. त्यानंतर ड्रेसरने (चाकाची कड तासून सारखी करणाऱ्या हत्याराने) चाक गोल करून घ्यावे. ट्रेमध्ये फक्त वापरलेले पाणी गोळा होऊ द्यावे आणि चाकावर पाणी सलाइनच्या नळीने वरून थेंबथेंब सोडावे. काम संपले की आधी नळी बंद करावी, चाक काही मिनिटे तसेच फिरू द्यावे आणि मग मोटर बंद करावी.

हिरकणी
म्हणूनच मी सुरुवातीला पॅड सांगितले होते. पॅड पाणी पीत नाही.

कपारी
पॅड चांगलेच आहेत, परंतु ते सपाट असतात आणि घुमटाकार दगडावर नवशिक्याच्या हातून त्यांनी चपटे पैलू पडतात. सरांचे यंत्र तयार आहे, ते दुरुस्त करणे अधिक सोपे आहे. सर, नंबर बदलताना एक पथ्य पाळावे. प्रत्येक टप्प्याला दगड आधीच्या रेघांना आडवा धरावा, पूर्ण वाळवून भिंगाखाली पाहावा आणि जुन्या दिशेची एकही रेघ उरली नाही याची खात्री झाल्यावरच पुढचा कागद घ्यावा. मधल्या वेळी दगड, हात आणि दगड चिकटवून धरायची लाखेची कांडी धुवावी, आणि धुण्याचे पाणीही बदलावे. १०० नंबरचा एक कण फेल्टमध्ये शिरला तर ते फेल्ट पॉलिशसाठी निरुपयोगी होते.

लेथघर
कपारी यांचे निदान पटले. तरीही फेल्टचा वेग कमी करावाच लागेल, हे मी पुन्हा नमूद करतो.

डोंगरवाट
चाक वाळवले, तडा नाही. शेजारच्या वर्कशॉपमधून ड्रेसर आणून चाक गोल केले आणि पाणी नळीने दिले. थरथर पूर्ण थांबली. शाफ्टवर ६ इंची पुलीही बसवली. एका अकीकावर सर्व टप्पे नव्याने केले आणि त्यात ट्यूबलाइट अखंड दिसते आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार. मात्र दुसऱ्या एका दगडावर, जो फिकट गुलाबी आहे आणि ज्यात मोत्यासारखी झळाळी असलेले पापुद्रे आहेत, अजूनही काहीच होत नाही. उलट त्याचे तुकडे निघतात. तो उद्यापर्यंत पूर्ण करायचा आहे.

कपारी
त्याच्या कोपऱ्याने काचेच्या तुकड्यावर रेघ ओढून पाहावी. अकीकाची कठिणता साडेसहा ते सात असते आणि तो काच सहज ओरखडतो. हा दगड ओरखडत नसेल तर तो बहुधा झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे मऊ खनिज) असावा, वर्णनावरून स्टिलबाइट किंवा ह्यूलँडाइट वाटतो. त्यांची कठिणता साडेतीन ते चारच्या आसपास असते आणि ते पापुद्र्यांच्या दिशेने सुटतात. चाकावर ते टिकणार नाहीत.

अकीकप्रेमी
तो दगड घासूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे झिओलाइट त्यांच्या नैसर्गिक स्फटिकरूपातच मांडलेले आहेत आणि त्यांचे सौंदर्यही त्या रूपातच आहे. मुलांना पॉलिश केलेल्या अकीकाशेजारी तो तसाच ठेवून दाखवावा. बेसाल्टमधील पोकळ्यांत या दोन्ही प्रकारांची खनिजे कशी तयार झाली, ते समजावून सांगता येईल.

डोंगरवाट
काचेवर रेघ उठली नाही. दगड मऊ ब्रशने धुऊन तसाच ठेवतो. २२० च्या चाकालाही ड्रेसर लावावा का?

लेथघर
तेही त्याच ट्रेमध्ये भिजत असेल तर आधी वाळवा, टकटक करून पाहा आणि मगच लावा.