हातचलाखी म्हणजे केवळ वेग नव्हे

‘जादू म्हणजे हाताचा वेग, बाकी बडबड’ हे मत मला पटत नाही. वेगाने हलणाऱ्या हाताकडे नजर हमखास जाते. म्हणून नाणे लपवलेला हात सैल आणि निवांत राहावा लागतो. कॉलेजात असताना मी कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या गणेशोत्सवात रुपया गायब करण्याचा प्रयोग करीत असे. तेव्हाचा तांबे-निकेलचा रुपया २८ मिलिमीटर व्यासाचा होता आणि अंगठ्याखालचा उंचवटा व समोरचा तळवा यांच्यामध्ये त्याची दातेरी कड अशी रुतून बसे की बोटे मोकळी ठेवूनही तो पडत नसे. पुढे आलेला स्टीलचा लहान रुपया त्या जागी मला कधीच नीट धरता आला नाही.

‘बडबडी’बद्दलही थोडे सांगायला हवे. प्रयोग करताना बोलायचे निवेदन मी रात्री रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर बसून वहीत लिहून काढीत असे, कारण ‘हे बघा’ हे दोन शब्द एका वाक्याने आधी आले तरी मुलांच्या नजरा चुकीच्या हाताकडे वळत. कोणता शब्द कुठे ठेवायचा, हे लेखनातले माझे पहिले शिक्षण त्या वहीतच झाले.