जुनी चेतक थंड असताना सुरू होत नाही: बोअर करण्याआधी काय तपासावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आमच्या घरी 1990च्या दशकातील, पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चालणारी बजाज चेतक आहे. वडील निवृत्त झाल्यापासून ती आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशीच बाहेर निघते. गेल्या पावसाळ्यापासून थंड इंजिन सुरू करणे फार कष्टाचे झाले आहे. चोक ओढून आणि ॲक्सिलरेटर पिळून कितीही किक मारल्या तरी इंजिन दाद देत नाही. मात्र गाडी एका बाजूला कलती करून पुन्हा उभी केली की बहुधा लागते, आणि एकदा लागली की दिवसभर सहज सुरू होते. प्लग नवा टाकला आहे. मेकॅनिकने कॉम्प्रेशन गेल्याचे सांगून बोअर-पिस्टन करण्याचा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून नवा पिस्टन बसवण्याचा, सल्ला दिला आहे. खर्चाची तयारी आहे, परंतु वडिलांची इतकी वर्षे सेवा केलेले इंजिन विनाकारण उघडू नये, असे मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना पाना:
इंजिन उघडण्याची घाई कृपया करू नका. आपल्या वर्णनातच दोन खुणा आहेत. झिजलेले इंजिन गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या किकला लागेल, असे सहसा घडत नाही. ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे कंडेन्सर किंवा मॅग्नेटमधील (इंजिनावरील वीज निर्माण करणारे चाक) कॉइल, कमजोर असते, तर तक्रार बहुधा उलटी असती, म्हणजे गाडी सकाळी लागली असती आणि तापल्यावर बंद पडली असती. गाडी कलती केल्यावर फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची छोटी वाटी) पेट्रोल हलून थोडे अधिक आत उतरते. तेवढ्याने इंजिन लागत असेल, तर थंड इंजिनाला हवे तितके पेट्रोल एरवी पोहोचत नाही, असा संशय घ्यायला हरकत नाही.

खात्री करण्यासाठी कॉक (टाकीचा पेट्रोलचा नळ) उघडून थोडा वेळ थांबा, चोक ओढून काही किक मारा आणि लगेच प्लग काढून पाहा. प्लग ओला असेल तर दोष ठिणगीकडे शोधायचा, कोरडा असेल तर पेट्रोलकडे. ठिणगी पाहताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून धरावे, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लगची फट सुमारे 0.6 मिमी आणि पॉइंटची सुमारे 0.4 मिमी असावी.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. या कार्ब्युरेटरचा चोक हवा अडवत नाही. तो जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडतो, आणि ॲक्सिलरेटर बंद असतानाच इंजिनाची ओढ त्या वाटेवर नीट लागते. म्हणून चोक ओढल्यावर ॲक्सिलरेटर अजिबात पिळू नये. अनेक जण नेमके याच्या उलट करतात.

कृष्णाकाठ:
आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. ठिणगी निळी आणि ठसठशीत आहे, प्लग मात्र जवळजवळ कोरडाच निघाला. ॲक्सिलरेटर न पिळता किक मारल्यावर इंजिनाने थोडी चाहूल दिली, पण ते टिकले नाही.

टू-स्ट्रोकप्रेमी:
आता शोध पेट्रोलच्या वाटेपुरताच उरला आहे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नाही ना ते पाहा, मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून धार अखंड पडते का ते तपासा. नळी कार्ब्युरेटरला जिथे जोडली जाते तिथे बारीक जाळी असते. ती साफ करणे बहुतेक वेळा राहून जाते. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग) आणि चोकची वाट हवेच्या दाबाने साफ करावी, तार घालून जेटचे छिद्र मोठे करू नये.

गाडी आठवडाभर उभी राहते, हे मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीत फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उडून जाते आणि ऑइल मागे उरते, तेच बारीक वाटांमध्ये चिकटून बसते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी जाते, म्हणजे जिथून इंजिनाला पुरवठा होतो तिथेच. जुने रबरही त्याने फुगते किंवा कडक होते, त्यामुळे टाकी रिकामी करून नळी आणि चोकखालचे रबर बदलणे योग्य ठरेल. नव्या पेट्रोलमध्ये लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल पुरे. जादा घातल्यास प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर तुंबतो.

जुना पाना:
वरील मताशी सहमत आहे. एवढे करूनही गाडी सुरू झाल्यावर आपोआप जोरात पळू लागली आणि ॲक्सिलरेटर सोडूनही आवाज खाली येत नसेल, तर मॅग्नेटकडील ऑइल सीलमधून हवा शिरत असल्याची शंका घ्यावी. गिअर ऑइल कमी होत असेल आणि धूर वाढला असेल, तर क्लचकडील सील पाहावे. बोअरचा विचार त्यानंतर.

कृष्णाकाठ:
जाळी चिकट मळाने जवळजवळ बंद झाली होती आणि चोकखालचे रबर दगडासारखे कडक झाले होते. दोन्हींची व्यवस्था केली, टाकी धुऊन ताजे पेट्रोल भरले, आणि आज सकाळी गाडी कलती न करता लागली. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभर उभी ठेवताना काय काळजी घ्यावी?

टू-स्ट्रोकप्रेमी:
घराच्या थोडे अलीकडे कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होऊ द्या. पुन्हा सुरू करताना कॉक उघडल्यावर अर्धा मिनिट थांबूनच किक मारा.