चरईतल्या एका गल्लीचा इतिहास कागदपत्रांतून काढायचाय, सुरुवात कुठून?

चरईकर
ठाण्यातल्या चरईतली एक जुनी गल्ली कधी पडली, रुंद कधी झाली आणि आधी तिचं नाव काय होतं, हे शोधायचंय. सिटी सर्व्हे ऑफिसात गल्लीचं नाव सांगितलं तर ‘असं काही रेकॉर्ड नाही’ म्हणाले. आता कुठे जावं?

टिका_शीट
बरोबरच सांगितलं त्यांनी. भूमापनाचं दप्तर नावाने लागत नाही, नंबराने लागतं. जुन्या ठाण्यात टिका नंबर (टिका म्हणजे भूमापनाच्या नकाशाचा एक भाग) आणि सिटी सर्व्हे नंबर अशी जोडी लागते. गल्लीतल्या कुठल्याही जुन्या घराच्या खरेदीखतावर ती मिळेल. तिच्यावरून आधी त्या टिक्याच्या नकाशाची नक्कल मागा.

नकाशात रस्ता हा बहुधा नुसता मोकळा पट्टा असतो. त्याला नंबर नसतो, म्हणून मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) नसते. इथेच बहुतेक जण अडकतात. रस्त्याचा इतिहास शेजाऱ्यांच्या पत्रिकांत असतो. दोन्ही बाजूंच्या सगळ्या प्लॉटांच्या पत्रिका काढा आणि ‘रस्ता रुंदीकरणात गेल्याने क्षेत्र कमी’ अशा अर्थाच्या नोंदी शोधा. एकाच बाजूचे प्लॉट कापलेले दिसले तर रस्ता कुणीकडे सरकला तेही कळतं. सोबत चौकशी नोंदवहीचा उतारा मागायला विसरू नका, पहिल्या मोजणीच्या वेळचे धारक त्यात असतात.

एक सावधगिरी: पत्रिकेवरची तारीख ही नोंद झाल्याची तारीख. प्रत्यक्ष भिंत त्याच्या कितीतरी वर्षं आधी पडलेली असू शकते.

रुमाल_सोडणारा
नावासाठी नगरपालिकेचं दप्तर. ठाण्याची नगरपालिका 1863 ची, महानगरपालिका 1982 ची. रस्त्याला नाव द्यायचं तर सभेचा ठराव लागतो, म्हणून ठरावांची पुस्तकं पाहा. त्याआधीची वहिवाटीची नावं घरपट्टीच्या आकारणी नोंदवह्यांत सापडतात. पण फेरआकारणीत घरनंबर बदलतात. त्यामुळे नंबर धरून मागे जाऊ नका, मालकाचं नाव आणि चतुःसीमा धरून जा. खरेदीखतातल्या चतुःसीमेत ‘उत्तरेस सरकारी रस्ता’ की ‘उत्तरेस बोळ’ हा फरक सोन्यासारखा. त्याच घराच्या दोन खतांत शब्द बदललेला दिसला, की मधल्या वर्षांत काहीतरी घडलं असं समजा.

मोडीवाला
मुंबईच्या पुराभिलेखागारात जाणार असाल (काळा घोडा, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत) तर सूचीत फक्त ‘ठाणे’ शोधून भागणार नाही. इंग्रजी दप्तरात टान्ना, टान्नाह, थाना अशी स्पेलिंगं आहेत आणि बराचसा महसुली पत्रव्यवहार साष्टी तालुक्याखाली लावलेला आहे. आधी 1882 च्या ठाणे गॅझेटियरचा चौदावा खंड वाचून जा. स्थळवर्णन त्यात आहे, कुठल्या वर्षांचे खंड मागवायचे याचा अंदाज येतो.

मोडी कागदात अक्षरापेक्षा सन जास्त फसवतो. इसवी सन काढायला शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर असेल तर 79. फसली म्हणजे महसुली सनात 590 किंवा 591 आणि पेशवाईतल्या सुहूर सनात 599 किंवा 600. फसली आणि सुहूर दोन्ही मृगाला बदलतात, म्हणून महिना पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नका. फसलीला सुहूर समजलात तर थेट 9 वर्षांची चूक. शिवाय 1737 च्या आधी ठाणं पोर्तुगीजांकडे होतं, तेव्हा त्यामागचा कागद मोडीत शोधण्यात अर्थ नाही.

चरईकर
म्हणजे आधी टिक्याचा नकाशा, मग दोन्ही बाजूंच्या पत्रिका. गल्लीत 14 प्लॉट आहेत, सगळे काढावे लागतील का?

टिका_शीट
दोन्ही टोकांचे चार आणि मधला ज्याची हद्द वाकडी दिसते तो, एवढे आधी काढा. वाकडी हद्द उगाच नसते.