मुंबई–लंडन तारेचा दर कोण ठरवायचं?

खामगावकर
आमच्या गावच्या कापूस बाजारावर लिहितोय. १८७० मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, गावाला रेल्वे मिळाली, आणि त्याच वर्षी सुएझ–एडन–मुंबई ही समुद्राखालची केबल सुरू झाली. इथवर सगळं जुळतं. पुढे अडलोय. १८८६ पासून लंडनच्या तारेला शब्दामागे ४ शिलिंग पडायचे असं दिसतं. केबल खासगी कंपनीची, आपल्याकडच्या जमिनीवरच्या तारा सरकारच्या. मग हा आकडा ठरवायचं कोण?

निवृत्त हिशेबनीस, मुंबई
माझी बहुतेक नोकरी परदेशी तारांच्या हिशेबात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तारेचा दर तुकड्यातुकड्यांनी बनायचा. तार निघाली आणि पोचली त्या दोन्ही देशांचा टर्मिनल आकार, मधल्या प्रत्येक देशाचा ट्रान्झिट आकार, आणि केबल कंपनीचा तिच्या टप्प्यापुरता वाटा. बेरीज करा, झाला दर. हिशेब फ्रँकमध्ये. आमच्या वेळीही रजिस्टरमध्ये गोल्ड फ्रँकच असायचा, म्हणजे सोन्यावर मोजलेला हिशेबापुरता फ्रँक. ३.०६१ गोल्ड फ्रँक म्हणजे १ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक), हे मला आजही झोपेतून उठवून विचारा.

१८६५ ला पॅरिसमध्ये २० देशांनी तार संघ काढला. १८६८ च्या व्हिएन्ना परिषदेत त्याचं कायमचं कार्यालय बर्नला काढायचं ठरलं. पुढच्या रोम परिषदेपासून, म्हणजे १८७१–७२ पासून, खासगी कंपन्यांनाही बसू दिलं. त्यांना बोलता यायचं, मत मात्र फक्त सरकारांना. पण युरोपाबाहेरच्या लांबच्या मार्गांचे दर ज्यांच्या तारा, ती सरकारं आणि कंपन्या आपसात ठरवत आणि बर्नला कळवत. तुमचे ४ शिलिंग त्यातले.

आता खरी गोम. लंडनहून हिंदुस्थानला मुख्य वाटा दोन. एक जॉन पेंडर यांच्या ईस्टर्न टेलिग्राफची, समुद्रातून. दुसरी सीमेन्स बंधूंच्या कंपनीने उभारलेली, जमिनीवरून वॉर्सा–ओडेसा–तिफ्लिस (आजचं तिबिलिसी) करत तेहरानपर्यंत. तेहरानच्या पुढे बुशहर आणि इराणच्या आखातातल्या केबलीने कराची, हा टप्पा हिंदुस्थान सरकारच्या इंडो-युरोपियन तार खात्याचा. हे तिघे एकमेकांचे गिऱ्हाईक तोडणार असं वाटेल. पण १८७८ मध्ये त्यांनी जॉइंट पर्स केली. लंडन–हिंदुस्थान तारांचं उत्पन्न एका थैलीत, आणि ठरल्या प्रमाणात वाटप. तार कुठल्या वाटेने गेली याला मग महत्त्व उरलं नाही.

म्हणजे ज्या सरकारने रयतेसाठी दर खाली ओढायचा, तेच थैलीत भागीदार. दर उतरला तर कंपनीइतकीच त्याचीही मिळकत बुडणार. हे वाचताना मला अजूनही राग येतो. रुपया १ शिलिंग ४ पेन्सला (१२ पेन्सचा एक शिलिंग) बांधल्यावर ४ शिलिंग म्हणजे शब्दाला रोख ३ रुपये. दहा शब्दांची तार केली की पेढीचे ३० रुपये गेले!

मेलबर्नवासी
इथे वेगळा प्रयोग झाला होता. लंडनची तार शब्दाला ९ शिलिंग ४ पेन्स होती. १८९१ मध्ये इथल्या बहुतेक वसाहतींच्या सरकारांनी ईस्टर्न एक्स्टेन्शन या ईस्टर्नच्याच भावंड कंपनीशी करार केला: दर ४ शिलिंगवर आणा, उत्पन्न घटेल त्यातली निम्मी तूट आम्ही भरू. शब्दसंख्या दीडपटीच्या आसपास गेली, तरी तूट भरून निघेना. १८९३ मध्ये दर पुन्हा चढवून पाच शिलिंगच्या जवळ न्यावा लागला.

निवृत्त हिशेबनीस, मुंबई
वा, हे उदाहरण नेमकं आहे. हमी दिली की कंपनी निर्धास्त होते. तिच्या निम्म्या नुकसानीला सरकारी तिजोरी असते. ऑस्ट्रेलियाला खरा उतार मिळाला तो १९०२ मध्ये, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सरकारांनी मिळून पॅसिफिकमधून स्वतःची केबल टाकली तेव्हा. दर ३ शिलिंग झाला. अटलांटिकवर तर दोन बड्या कंपन्या भांडल्या आणि १८८६ मध्ये शब्दाला ६ पेन्सवर आल्या. १८८८ मध्ये समेट झाला आणि दर लगेच दुप्पट, १ शिलिंग. दुसरी वाट खरोखर दुसऱ्याच्या हातात असेल तरच दर हलतो, असं माझं ठाम मत आहे.

खामगावकर
आणि आपल्याकडे? व्यापारी एवढे पैसे देत राहिले?

निवृत्त हिशेबनीस, मुंबई
देत राहिले, पण शब्द आवळून. एकेका सांकेतिक शब्दात भाव, गाठी, जहाज, सगळं. शब्दाला दहा अक्षरांची मर्यादा होती. १९०३ च्या लंडन परिषदेने उच्चारता येतील असे बनावट शब्दही चालवून घेतले, तेव्हा लोकांनी पाच-पाच अक्षरांचे दोन संकेत जोडून एकाच शब्दाचे पैसे भरायला सुरुवात केली. दर स्वतः १९०२ मध्ये अडीच शिलिंगवर आला, १९०५ मध्ये २ वर. पुस्तकात हे रुपये-आण्यांत द्या, वाचकाला झळ कळेल: आधी ३ रुपये, मग १ रुपया १४ आणे, मग दीड रुपया.